निदानाची भाषा : कर्करुग्ण, तीमारदार आणि डॉक्टर यांच्यातील संवादाचा विचार

१. विषयाची मांडणी

लखनौमधील गोमती नगरच्या विभूती खंडात डॉ. राम मनोहर लोहिया आयुर्विज्ञान संस्था आहे. तेथे कर्करोगावरील शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधोपचार या तिन्ही शाखा आहेत. अवधच्या जिल्ह्यांतून आणि पूर्वांचलातून लखनौच्या अशा मोठ्या रुग्णालयांकडे जो रुग्ण येतो, तो क्वचितच एकटा असतो. त्याच्याबरोबर मुलगा, भाऊ, जावई किंवा गावातील चार शिकलेले कोणीतरी असते. उत्तर प्रदेशातील रुग्णालयांच्या भाषेत या सोबत्यास ‘तीमारदार’ म्हणतात. मूळ फारसी असलेला हा शब्द आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्याचा वाचक आहे. मराठीत त्यास नेमका पर्याय नाही. ‘सोबतचे माणूस’ किंवा ‘नातेवाईक’ म्हणून आपण वेळ मारून नेतो. कर्करोगाच्या निदानाची वार्ता प्रथम पोहोचते ती बहुधा या तीमारदाराच्या कानी, आणि तेथेच प्रस्तुत लेखाचा प्रश्न उपस्थित होतो. ज्याच्या देहाविषयी बोलणे चालले आहे, तो संवादाच्या बाहेर कसा राहतो, आणि त्याला आत कसे घेता येईल?

प्रश्न वैद्यकाचा आहे, हे उघड आहे. परंतु तो तितकाच भाषेचा, कथनाचा आणि श्रोत्याचाही आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अंदाजानुसार २०२२ साली देशात कर्करोगाचे सुमारे १४.६ लाख नवे रुग्ण आढळले. याचा अर्थ असा की, ‘तुम्हाला कर्करोग आहे’ हे वाक्य एका वर्षात इतक्या वेळा उच्चारले गेले, टाळले गेले अथवा दुसऱ्याच कोणाला सांगितले गेले. या वाक्याची घडण कशी असावी, याचा विचार साहित्याच्या अभ्यासकाने करणे अस्थानी ठरू नये.

२. शब्दांचे ओझे

प्रथम रोगाच्या नावाकडे पाहू. मराठीतील ‘कर्करोग’, उर्दूतील ‘सरतान’ आणि युरोपीय भाषांतील ‘कॅन्सर’ या तिन्ही शब्दांच्या मुळाशी खेकडाच आहे. प्राचीन ग्रीक वैद्यांनी गाठीभोवती पसरलेल्या शिरांमध्ये खेकड्याचे पाय पाहिले, आणि ते रूपक अरबीत, लॅटिनमध्ये व अखेरीस आपल्याकडे उतरले. आयुर्वेदातील ‘अर्बुद’ आणि ‘ग्रंथी’ या संज्ञांत मात्र खेकडा नाही. तेथे वाढलेले मांस आहे, गाठ आहे. सुसान सोंटाग यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या ‘इलनेस अॅज मेटाफर’ या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, रोगाला चिकटलेली रूपके रुग्णाला रोगाहून वेगळी अशी एक शिक्षा देतात. ते प्रतिपादन येथे सहज पडताळता येते. नाव उच्चारणे हेच संकट ओढवून घेणे आहे अशी भावना असल्याने घरोघरी ‘तो आजार’, ‘वाईट दुखणे’, ‘मोठी बीमारी’ असे वळसे घेतले जातात.

लखनवी उर्दूत तर असा वळसा हा शिष्टाचाराचाच भाग झाला होता. आदरणीय व्यक्ती आजारी असेल तर ‘आपके दुश्मनों की तबीयत नासाज़ है’ असे म्हणावयाचे. आजारपण त्या व्यक्तीला लावावयाचे नाही, तिच्या शत्रूंना लावावयाचे. या प्रयोगात सौजन्य आहे, आणि अशुभाचा उच्चार टाळण्याची जुनी समजूतही आहे. ज्या नगरीच्या भाषेने दुखण्याचा उल्लेखही इतक्या आडवळणाने करण्याची रीत घडवली, तेथे डॉक्टरने ‘रिपोर्ट में कैंसर निकला है’ असे म्हणताच संभाषणाची जातच बदलते. मराठीतही ‘कॅन्सर निघाला’ असेच आपण म्हणतो. ‘निघणे’ या क्रियापदात लपलेले काहीतरी उघडकीस आल्याचा ध्वनी आहे. ऐकणाऱ्याच्या मनात लगेच येते, ‘माझे काय चुकले?’ तंबाखू किंवा गुटख्याची सवय असलेल्या, तोंडाचा कर्करोग झालेल्या रुग्णाच्या बाबतीत हा ध्वनी अधिकच तीव्र होतो.

दुसरा अवघड शब्द ‘स्टेज’. डॉक्टरच्या दृष्टीने ही वर्गीकरणाची संज्ञा आहे. गाठीचा आकार, लसिकाग्रंथींतील प्रसार आणि दूरचा प्रसार यांवरून ती ठरते. सामान्य माणसाने तिचे रूपांतर एका जिन्यात केले आहे; चौथी पायरी म्हणजे शेवट, ‘लास्ट स्टेज’. प्रत्यक्षात तोंडाच्या कर्करोगाचा चौथ्या टप्प्यातील ‘अ’ हा उपवर्ग अनेकदा शस्त्रक्रियेस योग्य असतो, आणि ती शस्त्रक्रिया रोग बरा करण्याच्याच हेतूने केली जाते. ‘फोर्थ स्टेज’ एवढे दोनच शब्द ऐकून उपचार सोडून गावी परतणारा रुग्ण हा म्हणूनच भाषेचाही बळी असतो.

तिसरे उदाहरण उपचारांच्या नावांचे. किरणोपचारास हिंदी प्रदेशात ‘सिकाई’ म्हणतात, मराठीत ‘लाइट देणे’ किंवा ‘शेक देणे’. शेक म्हटले की उबदार विटेची, गरम पाण्याच्या पिशवीची आठवण येते. त्यामुळे नंतर तोंड सोलवटले, गिळवेनासे झाले, की आपली फसवणूक झाली असे रुग्णास वाटते. तपासणीसाठी मांसाचा तुकडा काढावयाचा म्हटला की ‘लोहा लगा तो फैल जाएगा’ ही भीती पुढे येते. आपल्याकडेही ‘चाकू लागला की पसरतो’ असे म्हणणारे पुष्कळ आहेत. अशा समजुतींना हसून उडवून लावणारा डॉक्टर पुढील प्रश्न विचारण्याची वाटच बंद करतो. ‘असे आपण कोणाच्या बाबतीत पाहिले आहे का?’ असे विचारणारा डॉक्टर मात्र त्या भीतीमागची कथा ऐकतो. ती बहुधा शेजारच्या एखाद्या माणसाची असते. तो फार उशिरा रुग्णालयात आलेला असतो, आणि शस्त्रक्रियेनंतर गेला म्हणून शस्त्रक्रियेनेच गेला असे गावाने ठरवलेले असते.

३. सांगावे की न सांगावे

‘पाश्चात्त्य डॉक्टर सत्य सांगतात, भारतीय कुटुंबे ते लपवतात’ अशी एक सोपी विभागणी वारंवार केली जाते. इतिहास तिला पाठिंबा देत नाही. १९६१ साली डोनाल्ड ओकेन यांनी प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील पाहणीत सुमारे ९० टक्के डॉक्टरांनी कर्करोगाचे निदान रुग्णास न सांगणे पसंत केले होते. १९७९ साली डेनिस नोव्हॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशीच पाहणी केली, तेव्हा ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे निघाले. म्हणजे ज्याला आपण ‘पाश्चात्त्य संस्कृती’ म्हणतो ती या बाबतीत १८ वर्षांत उलटी झाली. उपचारांची परिणामकारकता वाढली, रुग्णाच्या हक्कांची जाणीव आली, आणि रीत बदलली.

आपल्या परंपरेतही हा विचार झालेला आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याला दिलेल्या उपदेशात असे सांगितले आहे की, रुग्णाचे आयुष्य सरत आल्याचे वैद्यास कळले तरी, जेथे ते सांगितल्याने रुग्णास किंवा अन्य कोणास आघात पोहोचेल तेथे ते सांगू नये. हे वचन मौनाच्या समर्थनार्थ पुढे केले जाते. परंतु त्यातील अट पाहण्यासारखी आहे. सरसकट मौन तेथे सांगितलेले नाही. सांगण्याचा परिणाम काय होईल याचा अंदाज घेण्याची जबाबदारी वैद्यावर टाकली आहे, आणि ती पार पाडावयाची तर प्रथम रुग्णाशी बोललेच पाहिजे. शिवाय तेथील प्रसंग मरण समीप आल्याचा आहे. आज पुष्कळ कर्करोग बरे होतात किंवा दीर्घकाळ आटोक्यात राहतात. तेव्हा निदान सांगणे म्हणजे मरण सांगणे नव्हे.

बार्नी ग्लेझर आणि अॅन्सेल्म स्ट्रॉस यांनी १९६५ साली मरणासन्न रुग्णांच्या सभोवतालच्या संवादाच्या चार अवस्था वर्णिल्या. पहिलीत रुग्णास काहीच ठाऊक नसते. दुसरीत त्यास संशय येतो. तिसरीत सर्वांना सर्व ठाऊक असून सारेच ठाऊक नसल्याचे नाटक करतात. चौथीत मोकळेपणा असतो. आपल्या घरांत तिसरी अवस्था फार आढळते. मुलगा बापाला सांगतो, ‘साधी गाठ आहे’. बाप मुलाला बरे वाटावे म्हणून विश्वास ठेवल्याचे दाखवतो. दोघांचाही हेतू प्रेमाचा असतो, आणि दोघेही एकाकी होतात. जमिनीची वाटणी, मुलीचे लग्न, कोणाची क्षमा मागणे, ही सारी बोलणी या नाटकात राहून जातात. लपवणुकीची खरी किंमत ही आहे.

४. साहित्य आणि चित्रपट यांतील साक्ष

टॉलस्टॉयच्या ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ (१८८६) या दीर्घकथेत न्यायखात्यातला अधिकारी असलेला नायक डॉक्टरकडे जातो, तेव्हा त्याला एक विलक्षण साम्य जाणवते. आपण न्यायालयात आरोपीपुढे जो आव आणतो, तोच हा डॉक्टर आपल्यापुढे आणीत आहे. ‘माझे दुखणे गंभीर आहे का?’ हा त्याचा प्रश्न डॉक्टरला गैरलागू वाटतो. त्याला रस असतो तो कोणता अवयव बिघडला यात. आर्थर क्लाइनमन यांनी १९८८ साली ‘रोग’ आणि ‘आजारपण’ यांत जो भेद स्पष्ट केला, तो या प्रसंगात शंभर वर्षे आधीच दिसतो. पुढे इव्हानला सर्वाधिक यातना होतात त्या भोवतालच्या खोटेपणाच्या. दिलासा मिळतो तो फक्त गेरासिम या सेवकाकडून. तोच एकटा खोटे बोलत नाही.

सोल्झेनित्सिनच्या ‘कॅन्सर वॉर्ड’ (१९६८) या कादंबरीत हा प्रश्न दोन्ही बाजूंनी येतो. कोस्तोग्लोतोव या रुग्णाला आपल्यावर काय उपचार चालले आहेत हे जाणण्याचा हक्क हवा आहे. संप्रेरकाच्या इंजेक्शनांचा आपल्या पौरुषावर होणारा परिणाम त्याला डॉक्टरांकडून कळत नाही, एका परिचारिकेकडून कळतो. उलट किरणोपचार विभागाची प्रमुख दोन्त्सोवा स्वतःच आजारी पडते, तेव्हा तिला आपल्या रोगाचा तपशील नको असतो. जाणून घेण्याचा हक्क आणि न जाणण्याचा हक्क एकाच इमारतीत शेजारी शेजारी उभे आहेत. ‘सर्वांना सर्व सांगा’ हा नियमही म्हणूनच अपुरा ठरतो.

हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘आनंद’ (१९७१) या चित्रपटात डॉक्टरांचे दोन नमुने आहेत. भास्कर बॅनर्जी परखड आहे. श्रीमंतांच्या काल्पनिक दुखण्यांना तो थारा देत नाही. रमेश देव यांनी साकारलेले डॉ. प्रकाश कुलकर्णी व्यवहारचतुर आहेत. रुग्णाला औषधाइतकीच समजुतीची गरज असते हे ते जाणतात. चित्रपटाची गंमत अशी की, रुग्णाला सत्य आधीच ठाऊक आहे, आणि धीर द्यावा लागतो तो डॉक्टरलाच. परंतु या चित्रपटाने हसतमुख कर्करुग्णाचा जो आदर्श निर्माण केला, त्याचे ओझेही पुढील पिढ्यांवर पडले. प्रत्येक रुग्ण आनंद नसतो, आणि रडणाऱ्या रुग्णाला ‘हिंमत ठेवा’ म्हणणे हे कधी कधी ‘रडू नका, आम्हाला पाहवत नाही’ याचेच सभ्य रूप असते.

मराठीत या प्रश्नाचा सर्वांत सखोल विचार ‘श्वास’ (२००४) या संदीप सावंत दिग्दर्शित चित्रपटात झाला आहे. माधवी घारपुरे यांच्या कथेवर आधारलेल्या या चित्रपटास २००३ सालचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कोकणातून नातवाला घेऊन आजोबा शहरात येतात; मुलाच्या डोळ्यांत कर्करोग आहे; प्राण वाचवावयाचे तर दृष्टी जाणार. शस्त्रक्रियेपूर्वी हे मुलाला सांगितलेच पाहिजे, असा डॉक्टरांचा आग्रह आहे. सांगावयाचे कोणी, कोणत्या शब्दांत, आणि सात-आठ वर्षांच्या मुलाला ‘यापुढे दिसणार नाही’ याचा अर्थ कसा कळावा, याभोवती कथा फिरते. आजोबा मुलाला घेऊन रुग्णालयातून नाहीसे होतात, आणि दृष्टी आहे तोवर त्याला जग दाखवतात. डॉक्टरांचा संताप योग्य आहे आणि आजोबांची कृतीही योग्य आहे. चित्रपटाचे मोठेपण दोन्ही मान्य करण्यात आहे. वैद्यकीय सत्य सांगून झाल्यावरही काहीतरी उरते, आणि ते माहितीपत्रकात मावत नाही, हे ‘श्वास’ने दाखवले.

५. संवादाची घडण

वैद्यकाने या अनुभवातून काही रीती बांधल्या आहेत. रॉबर्ट बकमन यांनी १९९२ साली वाईट वार्ता सांगण्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. २००० साली वॉल्टर बेल, बकमन आणि सहकाऱ्यांनी ‘स्पाइक्स’ या नावाने सहा पायऱ्या मांडल्या : योग्य जागा व बसण्याची व्यवस्था, रुग्णाला आधीच काय ठाऊक आहे हे विचारणे, किती जाणून घ्यावयाचे आहे याची परवानगी घेणे, सोप्या शब्दांत थोडे थोडे सांगणे, भावनेला प्रतिसाद देणे, आणि पुढील मार्ग ठरवून समारोप करणे. या क्रमात सांगणे चौथ्या स्थानी आहे. त्यापूर्वीच्या तीन पायऱ्या ऐकण्याच्या आणि तयारीच्या आहेत.

गोमती नगरातील बाह्यरुग्ण विभागासारख्या ठिकाणी हे कसे उतरेल? एक कल्पित प्रसंग घेऊ. साठीतील एक शेतकरी खुर्चीवर आहे, मुलगा मागे उभा आहे. मुलाने दाराशीच डॉक्टरांना विनवले आहे, ‘पिताजी को मत बताइएगा।’ येथे मुलाशी वाद घालून उपयोग नाही. त्याला विचारावे, ‘सांगितले तर काय होईल अशी आपणास भीती वाटते?’ मग म्हणावे, ‘मी त्यांच्यावर काही लादणार नाही; परंतु त्यांनी विचारले तर खोटेही बोलणार नाही.’ त्यानंतर रुग्णाकडे वळून, ‘अम्मा’, ‘चाचा’, ‘बाबूजी’ यांपैकी साजेल ते संबोधन वापरून विचारावे, ‘आपको अपनी तकलीफ़ के बारे में अब तक क्या बताया गया है?’ आणि पुढे, ‘आप खुद सब जानना चाहेंगे, या बेटे से बात करें?’ रुग्णाने मुलाकडे बोट दाखवले तर तोही त्याचा निर्णय आहे. पुष्कळ रुग्ण मात्र अशा वेळी सांगतात की, त्यांना सारे कळून चुकले आहे.

दुसरी बाब थांबण्याची. १९८४ साली हॉवर्ड बेकमन आणि रिचर्ड फ्रँकेल यांनी ७४ भेटींचा अभ्यास केला, तेव्हा रुग्णाचे पहिले निवेदन डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत तोडतात असे आढळले. काळजीत असलेला रुग्ण आपली खरी भीती पहिल्या वाक्यात सांगत नाही. ‘जेवण जात नाही’ म्हणतो, आणि मनात असते, ‘मी पोर कधी लग्नाला उभी करणार?’ निदान सांगून झाल्यावरही काही क्षण गप्प राहणे आवश्यक असते. त्या क्षणी दिलेली पुढील माहिती कानांपर्यंत जाते, मनापर्यंत जात नाही. आपल्याकडील सर्वांत प्रचलित दिलासा म्हणजे ‘घाबरू नका’, ‘घबराइए मत’. तो सद्भावनेने दिला जातो, परंतु त्याने बोलणे संपते. त्याऐवजी ‘हे ऐकून भीती वाटणारच, सर्वांत जास्त कशाची वाटते?’ असे म्हटले तर बोलणे सुरू होते.

तिसरी बाब सर्वनामाची. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद आहे. ‘आम्ही शस्त्रक्रिया करू’ यात रुग्ण बाहेर राहतो. ‘आपण शस्त्रक्रिया करू’ यात तो आत येतो. हिंदीत हा भेद सर्वनामात नाही, आणि लखनौकडे तर ‘हम’ एकवचनीही वापरले जाते. ‘हम ऑपरेशन करेंगे’ याचा अर्थ ‘मी’, ‘आम्ही डॉक्टर’ किंवा ‘आपण सारे’ असा कोणताही होऊ शकतो. तेथे डॉक्टरला ‘आप और हम मिलकर’ असे मुद्दाम म्हणावे लागते. उलट परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात (स्थापना १९४१) उत्तर प्रदेशातून येणाऱ्या आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी उतरणाऱ्या रुग्णाशी बोलताना मराठी डॉक्टर किंवा परिचारिका आपले ‘आपण’ हिंदीत नेते, तेव्हा ते ‘आप’च्या जवळ जाते आणि समावेशाचा अर्थ हरवतो. भाषांतराचे हे प्रश्न आपल्या अभ्यासविषयाच्या अगदी मध्यभागी आहेत.

चौथी बाब आकड्यांची. जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ साली एका दुर्मीळ कर्करोगाचे निदान झाले. ग्रंथांत मध्यक आयुर्मान आठ महिने दिले होते. त्यांनी १९८५ साली लिहिलेल्या निबंधात दाखवले की, मध्यक म्हणजे भाकीत नव्हे. निम्मे रुग्ण त्यापलीकडे जगतात, आणि त्यांतील काही फार दूर जातात. ते स्वतः २००२ सालापर्यंत जगले. ‘डॉक्टरने सहा महिने दिले’ हा वाक्प्रचार म्हणूनच घातक आहे. ‘बऱ्याच जणांना इतका काळ मिळतो, काहींना कमी, काहींना पुष्कळ अधिक, तीन महिन्यांनी आपण पुन्हा पाहू’ असे सांगणे अधिक खरे आहे आणि अधिक सुसह्यही.

पाचवी बाब, ज्याचे तोंडच रोगग्रस्त आहे त्याची. गुटख्याने जबडा आखडलेला, जीभ अंशतः काढलेला किंवा स्वरयंत्र गमावलेला रुग्ण बोलू शकत नाही, तेव्हा सारे आपोआप तीमारदाराशी बोलू लागतात. पाटी, वही, होकार-नकाराच्या खुणा, चित्रे यांची सोय शस्त्रक्रियेपूर्वीच करून ठेवली पाहिजे. ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासाठी ती अधिकच विचारपूर्वक करावी लागते. वाचा जाण्यापूर्वी ‘नंतर तुमचा शब्द आमच्यापर्यंत कसा पोहोचेल’ हे ठरवणे, हा संमतीचाच भाग मानावयास हवा. सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली प्रकरणात २००८ साली स्पष्ट केले की, संमती पुरेशी माहिती देऊन घेतलेली असली पाहिजे, आणि तपासणीच्या संमतीत उपचाराची संमती धरता येत नाही. अंगठा उमटवून घेणे म्हणजे संमती नव्हे. भेटीच्या अखेरीस ‘घरी गेल्यावर काय झाले म्हणून विचारतील, तर आपण काय सांगाल?’ असे रुग्णाच्याच तोंडून वदवून घ्यावे. काय पोहोचले आणि काय नाही, ते तेथे कळते.

६. मर्यादा आणि समारोप

यावर रास्त आक्षेप असा की, दिवसाला शेकडो ‘पर्चे’ पाहणाऱ्या डॉक्टरपाशी इतका वेळ कोठून यावा? आक्षेप खरा आहे, आणि केवळ डॉक्टरच्या सौजन्यावर भिस्त ठेवून तो सुटणार नाही. परिचारिका, समाजसेवक, समुपदेशक यांची नेमणूक आणि बोलण्यास आडोसा असलेली एक खोली, हे खर्चाचे प्रश्न आहेत. ‘श्वास’मध्येही डॉक्टर आणि कुटुंब यांच्यामध्ये समाजसेविका उभी आहे. देशातील पदवीपूर्व वैद्यकीय अभ्यासक्रमात वृत्ती, नीती व संवाद यांचा ‘एटकॉम’ हा भाग २०१९च्या तुकडीपासून समाविष्ट झाला, ही चांगली गोष्ट आहे. परंतु साचा पाठ करून कोणी संवादी होत नाही. सहा पायऱ्या यांत्रिकपणे चढणारा डॉक्टर इव्हान इलिचच्या डॉक्टरहून फार वेगळा ठरणार नाही.

येथे साहित्याभ्यासाचे योगदान संभवते. रीटा शॅरन यांनी कोलंबिया विद्यापीठात २००० सालापासून विकसित केलेल्या ‘कथनात्मक वैद्यका’चा गाभा हाच आहे : संहिता बारकाईने वाचण्याची सवय रुग्णाचे ऐकण्यास उपयोगी पडते. कोण बोलत आहे, कोणाला उद्देशून बोलत आहे, काय न बोलता सोडले आहे, हे प्रश्न आपण कथेला विचारतो. तेच केसपेपर हाती घेतलेल्या डॉक्टरने रुग्णाच्या निवेदनाला विचारावयाचे आहेत. मात्र अवधी, भोजपुरी, उर्दूमिश्रित हिंदी आणि मराठी यांतील दुखण्याच्या शब्दांचा कोश, त्यांतील आदराची व आडवळणाची रूपे, यांची नोंद न्यूयॉर्कमध्ये होणार नाही. ती येथेच करावी लागेल. भारतीय भाषांच्या तौलनिक अभ्यासाने हे काम हाती घ्यावे.

मराठीत ‘गाठ’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक शरीरात हाताला लागते. दुसरी दोन माणसांची पडते. पहिलीवर काय करावयाचे ते शल्यविशारद जाणतो. दुसरी पडावी यासाठी खुर्ची थोडी जवळ ओढणे, सोबतच्या मुलालाही बसावयास सांगणे आणि रुग्णाचे पहिले वाक्य पुरे होऊ देणे, एवढ्यापासून आरंभ करता येईल.